हरलेला पक्ष पुन्हा पुन्हा दावे घालतो, त्याला बेळगावच्या कोर्टात अडवायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या जमिनीचा दावा चुलतभाऊ हरला. पहिल्या अपिलात हरला, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दुसऱ्या अपिलातही हरला. आता त्याच जमिनीच्या एका पोटहिश्श्यावर त्याच्या मुलाने नवा दावा लावला आहे, फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आहे, आणि खरेदीखत बनावट असल्याची खासगी फिर्यादही दाखल झाली आहे. या माणसांना कोर्टात पाऊलच ठेवता येणार नाही असा हुकूम मिळेल का?

एका अर्जावर मिळेल असा हुकूम बेळगावात नाही. पण समोरच्याचा नवा अर्ज बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातच निकालात काढता येतो, आणि तसे दोन-तीन निकाल हातात आले की उच्च न्यायालयाकडे बंधन मागण्याइतपत पाया तयार होतो. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात, म्हणजे आधी बंदी मागतात आणि जुन्या निकालाच्या नकला नंतर शोधायला लागतात. तिथेच दोन-तीन वर्षे जातात.

आधी कायद्याची बाजू. हीच जमीन चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात असती, तर महाराष्ट्राचा १९७१ चा त्रासदायक दाव्यांना प्रतिबंध करणारा कायदा लागू झाला असता. एखादा माणूस सवयीने आणि सबळ कारणाशिवाय दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणे दाखल करतो अशी उच्च न्यायालयाची खात्री पटली, तर पूर्वपरवानगीशिवाय त्याला नवे प्रकरण घालता येणार नाही असा हुकूम त्या कायद्याखाली होतो. मद्रास प्रांताने असा कायदा १९४९ मध्येच केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो वैध ठरवला. विधी आयोगाने २००५ च्या १९२ व्या अहवालात देशभरासाठी असाच कायदा करावा असे सुचवले, पण केंद्राचा कायदा काही आला नाही. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून बाहेर पडला, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १५ वर्षांनी झाला. त्यामुळे तो इथे लागू होत नाही. त्याचे फार वाईटही वाटून घेऊ नका. त्या कायद्यात अर्ज महाधिवक्त्यांनी करायचा असतो, त्रास सोसणाऱ्याने थेट नाही, आणि मिळते ती बंदी नव्हे, फक्त परवानगीची अट.

‘मग त्याने दावाच घालू नये असा मनाई हुकूम आपणच दिवाणी कोर्टातून घेऊ’ ही कल्पना अनेकांना सुचते. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चे कलम ४१ ती तिथेच संपवते. मनाई देणाऱ्या कोर्टाच्या हाताखाली नसलेल्या कोर्टात कोणी प्रकरण दाखल करण्यावर मनाई देता येत नाही, आणि फौजदारी प्रकरणावर तर नाहीच. असा दावा लावलात तर कोर्ट फी जाईल आणि ‘हेसुद्धा दावेच घालतात’ असे म्हणायला समोरच्याला आयते कारण मिळेल.

आता खरे काम. नव्या दाव्याचे समन्स हातात पडले की पहिला प्रश्न विचारायचा: जुना दावा नेमका कसा संपला होता? ‘तो हरला’ एवढ्याने भागत नाही. पुरावा होऊन, मुद्द्यांवर निष्कर्ष देऊन निकाल झाला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११, म्हणजे प्राङ्न्याय (एकदा ठरलेला मुद्दा त्याच पक्षांत पुन्हा उकरता येत नाही), लागू होते. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा काढून टाकला असेल, तर त्याच संहितेच्या ऑर्डर ९ रूल ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. मात्र दोघेही गैरहजर असताना काढला असेल तर चालतो. वाटणीच्या दाव्यात तर गैरहजेरीचा अडसर सहसा टिकतच नाही, कारण एकत्र मालकी आहे तोवर वाटणी मागायचा हक्क जिवंत राहतो. परवानगी न घेता दावा मागे घेतला असेल तर ऑर्डर २३ रूल १ खाली पुन्हा घालता येत नाही, परवानगी घेतली असेल तर येतो. म्हणून मागे घेतल्याच्या हुकुमातले शेवटचे वाक्य स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका. तडजोडीने हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करायला वेगळा दावा चालत नाही (ऑर्डर २३ रूल ३ए), त्याच कोर्टात जावे लागते. आणि प्लेंटच (वादीचा दावा-अर्जच) नामंजूर झाला होता, तर दोष सुधारून नवा प्लेंट देण्याची मुभा ऑर्डर ७ रूल १३ देतो. तो त्रास नव्हे, त्याचा हक्क आहे.

आणखी एक फसगत. जुना दावा नुसत्या मनाईचा असेल आणि त्यात ताब्यावरच निकाल झाला असेल, तर मालकीच्या नव्या दाव्याला तो आपोआप आडवा येत नाही. मालकीचा मुद्दा काढला गेला होता का, त्यावर निष्कर्ष आहे का, हे पाहावे लागते.

मुलाने दावा घातला म्हणून पक्ष बदलला असे होत नाही. वडिलांच्या हक्कातून जो मागतो त्याला वडिलांवरचा निकाल बांधतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून वडिलांनी प्रामाणिकपणे दावा लढवला असेल तर जन्माने हक्क सांगणारा मुलगाही त्यात येतो. तो अपवाद काढेल तो असा, की ‘मी तेव्हा अज्ञान होतो आणि माझ्या वतीने बेफिकिरीने दावा चालवला’. त्याला उत्तर म्हणून जुन्या दाव्यातल्या साक्षी आणि दाखल कागदांच्या याद्या दाखवता आल्या पाहिजेत. बहिणींची गोष्ट वेगळी आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुलीला जन्माने हिस्सा आहे. जुन्या दाव्यात जिला पक्षकारच केले नव्हते, तिच्या दाव्याला त्रासदायक म्हणत सुटू नका. न्यायाधीशांना ते खटकते आणि तुमच्या बाकीच्या म्हणण्याचे वजनही कमी होते.

कागद कोणते लागतील? निकालाची प्रत एकटी पुरत नाही. जुना प्लेंट, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले मुद्दे, निकालपत्र, हुकूमनामा, आणि दोन्ही अपिलांचे निकाल, सगळ्यांच्या सर्टिफाईड नकला हव्यात. जुने काम रेकॉर्ड रूमला गेलेले असते आणि ठराविक मुदतीनंतर त्यातले बरेच कागद नष्ट होतात, म्हणून निकाल लागला त्याच वर्षी संपूर्ण संच काढून ठेवावा. मुंबई राज्याच्या काळातले कागद मराठीत, काही मोडीत असतात, नंतरचे कन्नड आणि इंग्रजीत. मराठी कागद नुसता जोडला तर कोर्ट भाषांतर मागते आणि तारीख पडते. भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच यादीबरोबर द्या. रि.स. नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), त्याचे पोटहिस्से आणि सिटी सर्व्हे नंबर यांचा मेळ दाखवणारा एक पानाचा तक्ता करा, त्यात जुनी आणि नवी चतु:सीमा शेजारी-शेजारी लिहा. ‘ही जमीन वेगळी आहे’ हा पोटहिश्श्याचा डाव इथेच उघडा पडतो.

समोरच्याने आणखी कुठे काय दाखल केले आहे तेही शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष घालून शोधता येते. आपल्याकडे अडचण स्पेलिंगची. एकच चौगुले तीन-चार प्रकारे लिहिलेला सापडतो, आणि कन्नडमधून इंग्रजीत गेलेले नाव आणखी वेगळे. आद्याक्षरे बदलून, दरवर्षाचे वेगळे, आणि खानापूर, बेळगाव, चिक्कोडी, निपाणी अशी प्रत्येक कोर्टाची यादी पाहावी लागते.

आता पहिली चाल कोणती, यावर वकिलांतही गोंधळ दिसतो. ऑर्डर ७ रूल ११ खाली ‘प्लेंट नामंजूर करा’ असा आय.ए. (दाव्यातला अंतरिम अर्ज) टाकायची सवय आहे. त्या अर्जावर कोर्ट फक्त प्लेंट आणि त्याला जोडलेले कागद पाहते, तुमची कैफियत नाही. प्राङ्न्याय ठरवायला जुन्या दाव्याचे प्लेंट, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, म्हणून नुसत्या त्या मुद्द्यावर सहसा प्लेंट नामंजूर होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कर्नाटकातूनच वर गेलेल्या प्रकरणात सांगितले. तेव्हा रूल ११ वापरायचा तो वेगळ्या पायावर: प्लेंटमध्येच मान्य केलेल्या तारखांवरून मुदत संपलेली दिसते, दाव्याचे कारणच दिसत नाही, किंवा मूल्यांकन कमी दाखवून कोर्ट फी चुकवली आहे. हुकूमनामा रद्द करायला मागणारा प्लेंट जुन्या निकालाची तारीख स्वतःच सांगतो, ते तुमचे काम सोपे करते. प्राङ्न्यायासाठी मात्र कैफियत द्या, जुने कागद दाखल करा, आणि ऑर्डर १४ रूल २ खाली तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ऐकावा असा अर्ज करा. रूल ११ चा अर्ज टाकला म्हणून कैफियतीची मुदत थांबते असे समजू नका. ३० दिवस, फार तर ९०, त्यानंतर कोर्टाच्या मर्जीवर.

याच टप्प्यावर एक अर्ज फार थोडे लोक करतात: ऑर्डर १० खाली वादीची तोंडी तपासणी. १९७७ मध्ये बेंगळुरूच्या एका भाडेकरू प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच सांगितले होते. हुशारीने मसुदा लिहून दाव्याच्या कारणाचा आभास उभा केला असेल तर पहिल्याच सुनावणीला पक्षकाराला प्रश्न विचारून तो दावा मुळातच खुडून टाकावा. ‘तुमच्या वडिलांनी या जमिनीवर दावा केला होता का? त्याचा निकाल काय लागला? प्लेंटमध्ये तो का लिहिला नाही?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. २००२ पासून प्लेंटसोबत प्रतिज्ञापत्र असते. जुना निकाल दडवून ‘पूर्वी असा दावा झालेला नाही’ असे त्यात लिहिले असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली कोर्टाने चौकशी करावी असा अर्ज देता येतो. कोर्टात अप्रामाणिकपणे खोटा दावा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण हा अर्ज निकालाच्या वेळी किंवा खोटेपणा नोंदीवर सिद्ध झाल्यावर करावा. सुरुवातीलाच केला की मूळ दावा बाजूला पडून याच अर्जावर तारखा चालतात.

खर्चाबद्दल फार आशा ठेवू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ए खाली खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई मिळते, पण मर्यादा ३,००० रुपये. १९७६ पासून तीच आहे. ती १ लाखापर्यंत वाढवावी असे सर्वोच्च न्यायालयाने सुचवून बरीच वर्षे झाली. तरीही ती मागायचीच, रकमेसाठी नाही तर ‘हा दावा त्रासदायक आहे’ हा कारणांसह निष्कर्ष नोंदीवर यावा म्हणून. त्यासाठी कैफियतीत ‘हा दावा खोटा व त्रासदायक आहे, हे वादीला ठाऊक आहे’ अशी स्पष्ट हरकत लिहिलेली लागते. ती नसेल तर शेवटी मागून मिळत नाही. इंग्लंडमध्ये कोर्टांना प्रत्येक अर्ज फेटाळताना तो ‘पूर्णपणे निराधार’ होता का हे नोंदवावे लागते, आणि अशा दोन नोंदी झाल्या की बंधनाची पहिली पायरी खुली होते. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणून ती नोंद आपणच मागून घ्यायची.

पैशाच्या दृष्टीने त्याच संहितेचे कलम ९५ जास्त उपयोगी. अपुऱ्या कारणांवर तात्पुरती मनाई घेतली असेल तर ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई त्याच कोर्टात अर्जावर मिळू शकते. मात्र ती घेतली की त्याच मनाईबद्दल वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. तारखा लांबवल्याबद्दल कलम ३५बी आहे. तो खर्च भरल्याशिवाय पुढे काम चालवू देत नाहीत, त्यामुळे रक्कम लहान असली तरी लागतो लवकर.

एकतर्फी मनाई टाळायला कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) घाला. मुदत ९० दिवस, संपली की नवीन. मूळ कोर्ट, अपिलाचे कोर्ट आणि धारवाड खंडपीठ, तिन्हीकडे वेगवेगळे लागते. वडील, मुलगा, सून, पुतण्या अशी सर्वांची नावे घाला, कारण पुढचा अर्ज त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी नावाने येतो.

तुमच्या बाजूने ताब्याचा हुकूमनामा असेल आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे काम) चालू असेल, तर अडवणूक तिथेच होते. बेलिफ गेला की घरातला कोणीतरी ‘मी वेगळा, माझा स्वतंत्र हक्क’ म्हणून ऑर्डर २१ रूल ९७ खाली उभा राहतो. रूल १०१ प्रमाणे तो हक्क दरखास्तीतच ठरतो, त्यासाठी वेगळा दावा नाही. हरलेल्याच्या चिथावणीने विनाकारण अडवणूक झाली असे ठरले तर रूल ९८ खाली ३० दिवसांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज क्वचितच केला जातो, आणि केला की पुढची अडवणूक बहुधा होत नाही. दरखास्त सहा महिन्यांत संपवावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. त्याचा उल्लेख अर्जात करा.

महसुलाचा भाग लोक हलक्यात घेतात आणि तिथेच अडकतात. समोरच्याला दावा जिंकायचा नसतोच. आर.टी.सी. उताऱ्याच्या (कर्नाटकातल्या सातबाराच्या) ११ नंबरच्या रकान्यात ‘दावा प्रलंबित’ किंवा ‘मनाई’ अशी नोंद झाली की बँक कर्ज देत नाही आणि गिऱ्हाईक मागे फिरते, त्याला तेवढेच हवे असते. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३६ खाली फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनर्निरीक्षण चालते. मालकी ठरवायचा अधिकार त्या दोघांनाही नाही, दिवाणी हुकूमनामा त्यांना बांधतो. तेव्हा अपिलाच्या पहिल्या तारखेला लांबलचक उत्तर देत बसू नका. हुकूमनाम्याची सर्टिफाईड नकल, दुसऱ्या अपिलाचा निकाल आणि वरचा एक पानाचा तक्ता द्या आणि एवढ्यावरच अपील काढून टाकावे अशी मागणी करा. दावा फेटाळला गेला तरी ११ नंबरची नोंद आपोआप जात नाही. निकालाची नकल लावून तहसीलदारांकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि नवा उतारा काढून ती खरोखर गेली का हे पाहावे लागते.

खासगी फिर्यादीत १ जुलै २०२४ पासून एक मोठा बदल झाला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. पूर्वी प्रोसेस (आरोपीला समन्स) निघेपर्यंत तुम्हाला बोलताच येत नसे. ती नोटीस वाया घालवू नका. ज्या खरेदीखताला बनावट म्हटले आहे तेच दिवाणी दाव्यात शाबीत झाले होते का, साक्षीदार तपासले होते का, हे निकालाच्या परिच्छेद क्रमांकासह लेखी द्या. दिवाणी निकाल फौजदारी कोर्टाला जसाच्या तसा बांधत नाही, पण दिवाणी वादाला फौजदारी रंग दिला आहे हे त्यावरून दिसते. तरीही दखल घेतली तर कलम ५२८ खाली धारवाडला रद्द करण्याची याचिका.

आता उच्च न्यायालयाकडे बंधन मागण्याचे. वरिष्ठ न्यायालये आपल्या अंगभूत अधिकारात असे करतात, पण क्वचित. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुराझ इंडिया ट्रस्ट या संस्थेला ६४ निष्फळ प्रकरणांबद्दल २५ लाखांचा खर्च ठोठावला आणि जनहिताच्या नावाने याचिका करण्यावर बंदी घातली. आकडा पाहा: ६४. तुमच्याकडे तीन असतील तर सरसकट बंदी मागू नका. जमिनीचे वर्णन देऊन, ‘याच मिळकतीबाबत, याच पक्षकारांनी किंवा त्यांच्यातर्फे हक्क सांगणाऱ्यांनी नवे प्रकरण दाखल करताना पूर्वीचे सर्व निकाल जोडावेत आणि आम्हाला आधी नोटीस द्यावी’ असे मर्यादित निर्देश राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मागा. सोबत कालक्रमाचा तक्ता लावा: प्रकरण क्रमांक, कोर्ट, पक्षकार, मिळकत, मागणी, निकालाची तारीख, आणि कोर्टाने ‘त्रासदायक’ म्हटले असेल तर नेमका परिच्छेद. न्यायाधीश आधी हा तक्ता पाहतात.

समोरचा माणूस सीमेपलीकडे राहत असेल तरी जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथेच चालतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १६). तिकडच्या कोर्टात घातला तर ऑर्डर ७ रूल १० खाली प्लेंट परत करायला लावा. फौजदारी फिर्याद मात्र तिकडे होऊ शकते, आणि ती राज्याबाहेर वर्ग करायचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. महाराष्ट्राच्या कायद्याखाली तिथे कोणावर परवानगीची अट आली असली तरी ती बेळगावच्या कोर्टाला बांधत नाही, फक्त त्याच्या वागण्याचा इतिहास म्हणून तक्त्यात घालता येते. आणि सीमाप्रश्नाचा २००४ चा मूळ दावा दिल्लीत प्रलंबित आहे म्हणून इथल्या दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, असा मुद्दा कोणी काढला तर त्याला एका ओळीचे उत्तर पुरे: त्या दाव्याने इथल्या कोर्टांचे कामकाज थांबवलेले नाही.